धर्माचा रकाना

दादरच्या पूर्वेला, स्टेशनपासून बरीच आत, आमची गल्ली होती. दोन्ही बाजूंना दुमजली इमारती, मध्ये गुलमोहराची झाडे. दुपारी एखादा कल्हईवाला ओरडत गेला तर तेवढाच आवाज. त्या गल्लीत मी वाढलो. तेथे कोणी कोणाला काही विचारीत नसे, आणि यालाच सभ्यता म्हणत.

माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी ते मला कित्ता गिरवायला बसवीत. एक शब्द खोडला की पान फाडायचे आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायचे. "खाडाखोड म्हणजे मनात गोंधळ," एवढेच ते म्हणत. बाराव्या वर्षी माझे अक्षर शाळेत सर्वांत चांगले ठरले. त्याचा अर्थ असा, की फळ्यावरचा सुविचार, पालकांना पाठवायच्या सूचना, हजेरीपटाची नक्कल हे सर्व मी लिहायचे. मला त्याचा अभिमान होता. तो मी चेहऱ्यावर दिसू देत नसे.

माझा मित्र नायगावच्या गिरणी कामगारांच्या चाळीत राहत असे. पाचवीत आम्ही एका बाकावर बसलो आणि अकरावीपर्यंत त्याच बाकावर राहिलो. त्याचे गणित माझ्यापेक्षा चांगले होते. अक्षर अत्यंत वाईट. आवाज मात्र असा होता की कवायतीच्या वेळी शिक्षक स्वतः गप्प बसून त्याला आज्ञा द्यायला लावीत.

रोज सकाळी तो मला बोलवायला येई. आमच्या इमारतीच्या फाटकापाशी उभा राहून शीळ घाली. तो जिना चढून वर कधी आला नाही. का येत नाही, हे मी त्याला विचारले नाही. आईनेही विचारले नाही. ती गॅलरीतून त्याच्याकडे पाहून हसे, आणि त्याच्यासाठी म्हणून माझ्या डब्यात एक पोळी जास्त घाली. तेवढ्यावर आम्ही सर्वजण समाधानी होतो. तो होता की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

आम्ही आठवी-नववीत असताना मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून आंदोलन पेटले. चाळीच्या नाक्यावर एक मोठा काळा फळा होता. सभा कोठे, मोर्चा किती वाजता, हे त्यावर लिहिले जाई. ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. लिहून झाले की माझा मित्र पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून तेच चाळीचाळीतून ओरडत फिरे.

"तुझं अक्षर बघून हवालदारसुद्धा थांबतो रे," तो म्हणे. "वाचत बसतो आणि आपल्याला पकडायचं विसरतो."

"आणि तुझा आवाज ऐकून?"

"माझा आवाज ऐकून म्हशी पान्हा चोरतात. तबेल्यातला भैया कालच तक्रार घेऊन आला होता."

तो हसे तेव्हा त्याचे खांदे हलत. आवाज येत नसे. एवढा मोठा आवाज असलेला मुलगा हसताना आवाज करीत नाही, याचे मला नवल वाटे.

एका मोर्चाच्या दिवशी परळच्या रस्त्यावर अश्रुधूर सुटला. मला काही दिसेनासे झाले. एक चप्पल कोठेतरी राहिली. त्याने मला दंडाला धरून एका बोळात ओढले, नळाखाली स्वतःचा सदरा भिजवला आणि माझ्या तोंडावर दाबून धरला.

"चोळू नको. चोळू नको डोळे, येड्या."

"जळतंय."

"जळू दे. मी आहे ना इथं."

मी त्याचा हात धरून घरी आलो. फाटकापाशी त्याने हात सोडला. मी वर गेलो. तो ओला सदरा खांद्यावर टाकून, उघड्या अंगाने, परत नायगावला गेला.

पुढे एका डिसेंबरात त्यांच्या चाळीतला प्रत्येक माणूस पोरका झाला. ज्यांना ते सर्वजण बाप म्हणत, ते दिल्लीत वारले, आणि त्यांना दादरच्या समुद्रकाठी आणले गेले. माझा मित्र चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. मधल्या सुट्टीत त्याने मला सांगितले, "आम्ही दीक्षा घेतली. तिथंच, किनाऱ्यावर. घरातल्या सगळ्यांनी. आता आम्ही बौद्ध."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे आधीचं ते आता सांगायचं नाही. लिहायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. माझे बाबा म्हणाले, ते किनाऱ्यावर ठेवून आलो."

मी मान डोलावली. मला समजले असे मी दाखवले. समजले नव्हते. मला वाटले, घर बदलावे तसे काहीतरी झाले असेल. पत्ता बदलतो, माणूस तोच राहतो.

अकरावीच्या वर्षी शालान्त परीक्षेचे फॉर्म आले. आमच्या वर्गशिक्षकांचा रिवाज असा होता, की मुलांनी भरलेल्या फॉर्मांवर खाडाखोड होते म्हणून सर्व वर्गाचे फॉर्म एकाच मुलाकडून भरून घ्यायचे. साहजिकच ते माझ्याकडे आले. शाळेच्या कचेरीत एका कोपऱ्यातल्या टेबलावर मी आठवडाभर ते लिहीत होतो. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा, धर्म, जात. भरलेला फॉर्म मुलाने घरी न्यायचा, पालकांची सही आणायची आणि कचेरीत द्यायचा.

मित्राचा फॉर्म हातात आला तेव्हा मी धर्माच्या रकान्यापाशी थांबलो. शेजारी शाळेचे कारकून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"काय अडलं?"

मी सांगितले.

"अरे, ते नवीन लिहिलंस तर त्याची नादारी जाईल," ते म्हणाले. "जुन्या जातीला फी माफ आहे. नव्या धर्माला अजून नियम झालेला नाही. मागच्या वर्षीचं होतं तेच लिही. कोण बघतंय?"

ते वाईट मनुष्य नव्हते. नियम त्यांना माहीत होता, आणि मुलाचे नुकसान होऊ नये असे त्यांना खरोखर वाटत होते. मलाही तसेच वाटले. नादारी गेली तर तो परीक्षेला बसू शकणार नाही, हे मला ठाऊक होते. त्याला विचारायला हवे, हेही एकदा मनात आले. तो नको म्हणेल, म्हणून मी विचारले नाही.

मी धर्माच्या रकान्यात जुना धर्म लिहिला आणि जातीच्या रकान्यात जुनी जात लिहिली. तो शब्द मी येथे पुन्हा लिहिणार नाही. एकदा लिहिला, तेवढे पुरे झाले. अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख आले होते.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली. इतरांचे फॉर्म वाटले आणि त्याचा मागे ठेवला. "अजून लिहायचा आहे," असे त्याला दोनदा सांगितले. शेवटचा दिवस शनिवार होता. त्या सकाळी तो सभेच्या तयारीसाठी परळला गेला आहे हे पाहून मी फॉर्म घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांना वाचता येत नाही, ते अंगठा उठवतात, हे मला माहीत होते. अंगठा घेऊन मी फॉर्म थेट कचेरीत देणार होतो. माझ्या मते सर्व नीट होणार होते.

त्या खोलीत मी पूर्वी शेकडो वेळा गेलो होतो. मला तेथे कोणी दारात उभे केले नाही. आत गेल्यावर भिंतीकडे लक्ष गेले. जेथे पूर्वी देवांच्या तसबिरी होत्या, तेथे चुन्याचे चार-पाच पांढरे चौकोन उरले होते. बाजूची भिंत धुराने काळवंडली होती, म्हणून ते अधिक पांढरे दिसत. मधोमध एकच नवी तसबीर होती. मी ते पाहिले आणि तरीही खिशातून फॉर्म काढला.

त्याच्या वडिलांची दुपारपाळी होती. ते जेवून बसले होते.

"ये, बस. लई दिसांनी आलास."

"सही हवी होती, बाबा. परीक्षेच्या कागदावर. अंगठा चालेल."

ते हसले. "अंगठा गेला त्यो. चाळीत रातचा वर्ग चालतोय, ठाव न्हाई तुला? आता म्या वाचतो, आन् मग सही करतो. आन इकडं."

मी कागद दिला. न देण्याचे कारण माझ्याजवळ नव्हते.

त्यांनी तो गुडघ्यावर पसरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. मुलाचे नाव त्यांनी अक्षर लावून वाचले. मग स्वतःचे नाव वाचले, आणि ते दुसऱ्यांदा वाचले. छान वाटले असावे. बोट खाली सरकत गेले. धर्माच्या रकान्यापाशी ते थांबले. पुढच्या रकान्यावर गेले. परत मागे आले. त्यांचे ओठ हलले, पण या वेळी त्यांनी मोठ्याने वाचले नाही.

"पोरा, ह्ये अक्षर तुझंच न्हवं?"

"हो."

"झ्याक हाय."

ते पुन्हा कागदाकडे पाहू लागले. मी घाईघाईने नादारीचा नियम सांगितला. कारकुनांनी काय सांगितले तेही सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"आमच्या भल्यासाठी लिवलंस," ते म्हणाले. "ठाव हाय मला. आमाला आजवर ज्यांनी ज्यांनी लिवलं, समद्यांनी भल्यासाठीच लिवलं असंल. इचारलंस का पर?"

तेवढ्यात माझा मित्र आला. सभा उशिरा असल्याने तो जेवायला परतला होता. मला पाहून त्याला आनंद झाला. "अरे, तू? आणि न सांगता?" तो म्हणाला. वडिलांनी कागद त्याच्याकडे केला. त्याने उभ्याउभ्याच वाचला.

"तू लिहिलंस?"

"नादारी गेली असती तुझी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाला असतास."

"मग?"

तो थांबला. मी उत्तर द्यावे म्हणून खरोखरच थांबला. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तो प्रश्न अजून तसाच आहे.

त्याने माझ्या सदऱ्याच्या खिशातले पेन काढून घेतले. फॉर्म जमिनीवर ठेवला. दोन्ही शब्दांवर आडवी रेघ मारली, आणि वर आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात 'बौद्ध' लिहिले. शाईचा एक ठिपका पडला. मग वडिलांनी सही केली. तिला बराच वेळ लागला. आम्ही दोघे ती पाहत बसलो. मित्राने पेन मला परत दिले आणि कागद घेऊन एकटाच निघाला. मी मागोमाग गेलो, तर त्याने वळून पाहिले नाही.

कचेरीत तो फॉर्म घेतला नाही. खाडाखोड चालणार नाही, असा नियम होता. कोरा फॉर्म शिल्लक नव्हता. वर्गशिक्षक बहिणीच्या लग्नासाठी गावी गेले होते. बाराच्या ठोक्याला कचेरी बंद झाली.

वर्गशिक्षक सोमवारी आले. त्यांनी मला स्टाफरूमच्या बाहेर बोलावले. ते रागीट म्हणून प्रसिद्ध होते. मला मार बसेल अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना इच्छा होती.

"पंधरा दिवस फॉर्म तुझ्याकडे होता," ते म्हणाले. "एका शब्दानं मला सांगितलं असतंस तर मी नवा फॉर्म आणला असता. फीचंही बघितलं असतं. दर वर्षी एका मुलाचं मी बघतोच. कुणाला सांगत नाही इतकंच."

त्यांनी मला मारले नाही. ते आत निघून गेले.

माझा मित्र त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. पुढच्या वर्षी बसेल असे सर्वजण म्हणाले. दरम्यान तो वडिलांच्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, आणि पुढचे वर्ष आले तेव्हा साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळत होता. सकाळी फाटकापाशी शीळ येणे बंद झाले. आई काही दिवस डब्यात जास्तीची पोळी घालीत राहिली. एके दिवशी तिने तीही घातली नाही. का, ते मीही विचारले नाही.

मी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो. त्याच्या चाळीच्या नाक्यावरच्या फळ्यावर कोणीतरी माझे अभिनंदन लिहिले होते. अक्षर वाईट होते. ते त्याचे होते की दुसऱ्या कोणाचे, हे मी जवळ जाऊन पाहिले नाही.

राज्य झाले त्या दिवशी दादरला तुफान गर्दी होती. त्या गर्दीत मी त्याचा आवाज ऐकला आणि आवाजाच्या दिशेने गेलो. तो एका हातगाडीवर उभा राहून घोषणा देत होता. आम्ही जे मागितले होते ते मिळाले होते. मला पाहून तो खाली उतरला. अंगावर गुलाल होता. जवळ येऊन म्हणाला,

"कसे आहात?"

मी मागे वळून पाहिले. माझ्या मागे कोणी वडीलधारे उभे असतील असे मला वाटले. कोणी नव्हते.

"बरा आहे," मी म्हणालो. "तू?"

"चाललंय. या कधी घरी."

भांडण झाले असते तर ते मिटवता आले असते. त्याने भांडण केले नाही. त्याने मला मान दिला.

त्या दिवसापासून दर वर्षी एक मे रोजी सकाळी आम्ही नायगावच्या नाक्यावरच्या एका हॉटेलात भेटत राहिलो. हे कसे ठरले ते आठवत नाही. बहुधा ठरलेच नाही. दुसऱ्या वर्षी मी गेलो आणि तो बसलेला होता. दोन चहा, एक प्लेट भजी. गिरणीतले बोलणे होई, माझ्या कचेरीतले बोलणे होई. मीही वडिलांप्रमाणे सरकारी नोकरीत लागलो होतो, आणि लोकांनी भरलेले अर्ज तपासणे हे माझे काम होते. तो 'तुम्ही' म्हणे. मी काही वर्षे एकट्याने 'तू' म्हणत राहिलो. पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली, आणि त्यांच्यासमोर मला ते जमेना. मीही 'तुम्ही' म्हणू लागलो. माझी अपेक्षा होती की तो हरकत घेईल. त्याने घेतली नाही.

गिरण्या बंद पडल्या. तो एका इमारतीत पहारेकरी झाला. त्याचा मुलगा शिकला, बदलापूरला राहायला गेला. माझी पत्नी वारली तेव्हा तो तेरा दिवस रोज आला. आमच्या घरी जिना चढून तो आला तो तेव्हा पहिल्यांदा. दाराशी उभा राहून त्याने विचारले, "आत येऊ ना?" मी 'या' म्हणालो.

फॉर्मचा विषय आम्ही कधीही काढला नाही. क्षमा मागण्याचे वय निघून गेले, असे मी स्वतःला सांगत असे. दर वर्षी चहाचा पहिला घोट घेईपर्यंत मी शब्द जुळवलेले असत. दुसऱ्या घोटाला तो भज्यांची प्लेट माझ्याकडे सरकवी.

गेल्या एक मे रोजी त्याने चहा अर्धा सोडला. छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जरा बसू द्या." तो बसलेलाच होता. मी हॉटेलवाल्याला टॅक्सी आणायला लावले आणि त्याला परळच्या एका रुग्णालयात नेले. मुलाला फोन केला. तो बदलापूरहून निघाला. मित्राला चाकांच्या पलंगावर निजवले होते, नाकाला नळी लावली होती. नोंदणीच्या खिडकीतल्या तरुणाने माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला.

"आजोबा, हे भरा तेवढं."

मी पलंगाच्या कडेवर कागद ठेवून लिहू लागलो. नाव. वय. पत्ता. माझा हात आता कापतो. चौथा रकाना आला आणि मी थांबलो. मला उत्तर माहीत होते. त्याच्या घरातली भिंत, त्याच्या मुलाचे लग्न, त्याच्या वडिलांचा अंत्यविधी, सर्व मी पाहिलेले होते. तरी मी पेन उचलले आणि त्याच्या तोंडाजवळ वाकलो.

"इथं धर्म विचारला आहे," मी म्हणालो. "काय लिहू?"

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले. मग त्याचे खांदे हलले.

"आता विचारतोस होय रे?"

मी मान खाली घातली.

"बौद्ध," तो म्हणाला. "नीट लिही. खाडाखोड नको."

मी लिहिले. अक्षर नीट आले नाही, पण खोडले नाही. पुढचा रकाना 'रुग्णाशी नाते' असा होता. मी तोही त्याला विचारला.

त्याने डोळे मिटले होते. "लिही तुझ्या मनाचं," तो म्हणाला. "सवय आहेच तुला."

मी 'मित्र' लिहिले. खिडकीतल्या तरुणाने कागद उजेडात धरला.

"आजोबा, हे वाचता येत नाही. कोण तुम्ही त्यांचे?"

मी त्याला सांगितले. त्याने माझा शब्द खोडून वर पुन्हा लिहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मित्र गेला. मधल्या वेळात तो बोलला नाही. त्याच्या मुलाने शोकसभेच्या फळ्यावर नाव लिहायला मला बोलावले. वडील नेहमी माझ्या अक्षराची गोष्ट सांगत, असे तो म्हणाला.

"कोणती गोष्ट?" मी विचारले.

"तुमचं अक्षर बघून हवालदार पकडायचं विसरायचा, ती."

"आणखी काही सांगत?"

"नाही. तेवढंच."

मी खडू हातात घेतला. पहिले अक्षर काढले, ते वाकडे आले. मी ते पुसले, पुन्हा काढले, पुन्हा पुसले. शेवटी मुलाने माझ्या हातातून खडू घेतला आणि वडिलांचे नाव स्वतः लिहिले. त्याचे अक्षर वडिलांसारखेच वाईट आहे.